डबी सांगायची म्हणून

"अंकल लास्टला पूर्ण डबीवर चालत होते. डबीत बाईंचं नाव लागलेलं, बुधवार, चार वाजता. बाई ऑफ झाल्या, पण नाव काढायचं अंकलना सुचलंच नाही. मग काय, दर बुधवारी सरांच्या दारात जाऊन उभे. 'बाई आहेत का?' मी स्वतः बघितलंय. मी म्हटलं, अंकल, बाई गेल्या ना? तर मलाच सांगतात, डबी सांगते, मी काय करू? आणि शेवटी ती डबीपण कुठे तरी पाडली त्यांनी. खिशात नुसतं कव्हर मिळालं."

हे भाषण त्यांच्या पुतण्याने केले. ते गेल्याला महिना झाला म्हणून चर्चमध्ये झालेल्या मिस्सानंतर, भुईगावच्या त्यांच्या घराच्या अंगणात, लोक जेवायला बसलेले असताना. लोक हसले. मेलेल्या माणसाविषयी प्रेमाने हसतात तसेच हसले, हे मी नाकारत नाही. पुतण्या बोळिंजला एका मोठ्या संकुलात राहतो, नोकरी करतो, काकांच्या औषधपाण्याला त्याने कधी कमी केले नाही. तो खोटारडा नाही. त्याने जे पाहिले ते खरे आहे. त्यावरून त्याने जे काढले ते साफ चुकीचे आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला; साक्षीदाराने काय पाहिले आणि त्याला काय वाटले, या दोन गोष्टी वेगळ्या काढणे हा माझा धंदा होता.

शिवाय या प्रकरणात मी तिऱ्हाईत नाही. ज्या दारात ते उभे राहत ते दार माझे आहे, आणि ज्या बाईंना ते विचारत ती माझी पत्नी होती. पुतण्याचे म्हणणे खरे मानले, तर ती गेल्यानंतरच्या सगळ्या काळात माझ्याकडे कोणीही येत नव्हते. एका जुन्या यंत्रात राहून गेलेला गजर येत होता. हे मी मान्य करणार नाही.

त्यांचे नाव मी लिहीत नाही. गाव त्यांना डबीवाला म्हणे. मी म्हटले नाही. ते मुंबईतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत, आणि निवृत्तीनंतर वडिलोपार्जित वाडीत केळी, नारळ आणि सोनचाफा यांच्यामागे लागले. लग्न केले नव्हते. का केले नाही, यावर गावात निरनिराळ्या हकीकती प्रचलित आहेत. त्या सगळ्या चुकीच्या आहेत, पण तो आजचा विषय नाही.

डबी म्हणजे काय, हे आताच्या वाचकाला सांगायला हवे. मोबाइलने सगळे गिळून टाकण्याच्या आधी तळहाताएवढे संगणक मिळत. त्यांवरून बोलता येत नसे, फोटो काढता येत नसे. राखाडी पडदा, एक प्लास्टिकची काडी, आणि आत चार गोष्टी: दिनदर्शिका, माणसांचे पत्ते, कामांची यादी आणि गजर. "डोकं विचार करायला दिलंय, सर," ते म्हणत, "कोठार म्हणून नाही." कोठार खिशात असावे आणि डोके मोकळे असावे, हा त्यांचा सिद्धान्त. मोकळ्या डोक्याने ते नेमका कसला विचार करीत, हे विचारण्याची गावात कोणाची प्राज्ञा नव्हती. मी विचारले होते. "केळीचा," ते म्हणाले.

यंत्र विकत घेण्यासाठी ते मला मुंबईला घेऊन गेले. मला यंत्रांतले काही कळत नाही, हे मी आधीच स्पष्ट केले. "म्हणूनच चला," ते म्हणाले. "तुम्ही दुकानदाराशी भांडा. तोवर मी वस्तू बघतो."

दुकानातल्या तरुणाने काचेवर नमुने मांडले. पहिला रंगीत पडद्याचा होता.

"हा रोज चार्ज करायचा, अंकल."

"आमच्याकडे पावसात वीज गेली की रस्ता विचारत विचारत परत येते. पुढचा दाखव."

पुढच्याला बारीक बटणांचा कळफलक होता. त्यांनी फटींवरून नख फिरवले, "माती बसेल," एवढे म्हणून तो बाजूला सारला. तिसरा सगळ्यांत साधा, दोन बारीक पेन्सिल सेलांवर चालणारा. तो त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला आणि दुकानाच्या मधोमध उकिडवे बसले. मग केळीचे बुंध कापावे तसे कमरेत वाकले. मग उठून दुकानाच्या खांबाला माडाला घालतात तशी मिठी घातली. दारावरचा रखवालदार आत आला.

"अंकल, ही वस्तू शेतात न्यायची नसते," तो तरुण घाबरून म्हणाला.

"मग काय मी तुझ्या दुकानात राहायला येऊ?"

यंत्र खिशातून पडले नव्हते. त्यांनी पिशवीतून एका सेलाचे रिकामे वेष्टन काढले. आमच्या भुईगावच्या नाक्यावरच्या दुकानातून ते आणलेले होते. मापाला माप लावून पाहिले आणि म्हणाले, "हाच." मी भांडायला गेलो होतो, मला संधीच मिळाली नाही.

त्या यंत्रावर लिहायची रीत चमत्कारिक होती. इंग्रजी अक्षरे नेहमीसारखी काढून चालत नसत. प्रत्येक अक्षर काडी न उचलता एकाच ओढीत काढायचे, आणि ए या अक्षराची मधली आडवी रेघ गाळायची. हे अंगवळणी पडावे म्हणून ते बोटाने मांडीवर, चर्चमधल्या बाकावर आणि चालता चालता हवेत अक्षरे गिरवत. वाडीच्या बांधावरून जाताना ते हवेत बोट फिरवीत, तेव्हा आमच्या मासळीवालीला वाटले की ते केळींना आशीर्वाद देत आहेत. ती पाटी डोक्यावरून उतरवून हात जोडून उभी राहिली होती. पुढे ही सवय इतकी मुरली की कागदावरही ते तसेच लिहू लागले, आणि एका कचेरीने त्यांचा अर्ज 'नाव वाचता येत नाही' असा शेरा मारून परत पाठवला. त्यांनी तो तसाच पुन्हा दाखल केला, सोबत अक्षरांचा तक्ता जोडून.

गजराचे म्हणाल, तर तो प्रार्थनेलाही सोडत नसे. एका रविवारी प्रवचन रंगात आले असताना डबी वाजली. फादर थांबले.

"कोणाचं यंत्र आहे?"

हे उभे राहिले. "माझं, फादर. प्रवचन संपायची वेळ लावून ठेवली होती."

त्यानंतर बरीच वर्षे फादर प्रवचन सुरू करताना आधी त्यांच्या बाकाकडे बघत. अलीकडे मात्र डबी चर्चमध्ये वाजेनाशी झाली होती. आपली प्रवचने आटोपशीर झाली, असा फादरांचा समज झाला. त्या समजाविषयी मी शेवटी बोलेन.

डबीत माणसांची नोंद कशी असते, हे मला बघायचे होते. कोणी डोकावलेले त्यांना खपत नसे. काळे चामडी कव्हर ते प्रार्थनेच्या पुस्तकासारखे छातीजवळ धरून, तोंड स्वतःकडे ठेवूनच उघडत. मी फारच आग्रह धरला तेव्हा त्यांनी माझी नोंद वाचून दाखवली. "सर. चहा बिनसाखरेचा. वाद घालतात. दमल्यावर चांगलं बोलतात."

यातल्या वाद घालण्याच्या मुद्द्यावर मी तीव्र आक्षेप घेतला आणि दिवेलागणीपर्यंत तो मांडला. ते शांतपणे ऐकत होते. अखेर त्यांनी काडीने आत काही तरी लिहिले.

"काय लिहिलंत?"

"विशेष काही नाही. वाद घालतात, त्याच्याआधी 'खूप' घातलं."

माझी पत्नी स्वयंपाकघरात होती. तिचे हसणे आम्हा दोघांनाही ऐकू आले.

ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गावातल्या निम्म्या माणसांचा हात धरून तिने त्यांना अक्षरे गिरवायला लावली होती, म्हणून सगळेच तिला बाई म्हणत, तेही म्हणत. ते आमच्याकडे येऊ लागले ते सेल बदलण्याच्या निमित्ताने. जुने सेल काढल्यावर नवे चटकन बसवावे लागत, नाहीतर आतले सगळे पुसले जाई. हे काम एकट्याने करू नये असा त्यांचा नियम, आणि त्यांच्या घरात दुसरे माणूस नव्हते. आमच्या जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला जाई. माझी पत्नी नवे सेल चिमटीत धरून उभी राही. मला पंखा बंद करायला सांगितले जाई; का, ते मला आजतागायत कळलेले नाही.

"बाई, सेल."

"हा घ्या."

"दुसरा."

"बसला का नीट?"

मग पडद्यावर अक्षरे परत येत. ते एकेक नाव खाली सरकवत आणि सुटकेचा श्वास टाकून म्हणत, "आहेत. सगळी माणसं आहेत. तुम्ही पण आहात, सर."

पुढे सेल बदलायचे नसले तरी बुधवारी चार वाजता त्यांचे चहाला येणे सुरू झाले. दारात विचारत ते मात्र "बाई आहेत का?" असेच. माझ्याविषयी त्यांनी कधी विचारले नाही. मी घरात असणारच, हे गृहीत होते.

याच पुतण्याने मध्यंतरी त्यांना नवा फोन आणून दिला. "अंकल, याच्यात सगळं येतं. ती डबी टाका आता."

"सगळं येतं, तीच अडचण आहे," ते म्हणाले. "फोनमध्ये लोक मला बोलवतात. डबीत मी लोकांची आठवण ठेवतो." दुसऱ्या दिवशी फोन केळ्यांच्या फणीबरोबर बोळिंजला परत गेला. पुतण्याला ते लागले असावे. त्याच्या भाषणात ते थोडे होते.

मग माझी पत्नी गेली. त्याविषयी मी इथे काही लिहिणार नाही.

सांत्वनाला लोक आले. त्यांनी मला माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर, दंड धरून बसवले. "सर, एकटे राहू नका, मुलीकडे जा," असे सांगणारेही त्यांत होते; आम्हाला मूल नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. दया करायला आलेल्या माणसाला मी दारातूनच परत पाठवू लागलो. थोड्याच दिवसांत येणे थांबले. मला तेच हवे होते.

तिच्या दफनानंतरच्या पहिल्याच बुधवारी चार वाजता दारावर थाप पडली.

"बाई आहेत का?"

माझे डोके भडकले. "नाहीत. तुम्ही खांदा दिलाय."

त्यांनी खिशातून कव्हर काढले, छातीजवळ धरून उघडले आणि काडीने आत टकटक केले. "इथे लागलंय. बुधवार, चार. डबी सांगते, मी काय करू?"

"पुसून टाका."

"पुसतात कसं, ते विसरलो."

"मग परत जा."

ते गेले नाहीत. कव्हर मिटून म्हणाले, "तुम्ही आहात का?"

"मी दिसत नाही का तुम्हाला?"

"मग बसतो."

आणि ते बसले. माणसाला मी परत पाठवले असते. डबीला काय सांगणार?

हे पुढे दर बुधवारी झाले. तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच माझा संताप. चहा मी करीत असे आणि तो वाईट होत असे. ते पिऊन टाकत. मग आम्ही वाद घालीत. वसईच्या किल्ल्याचा, चर्चच्या जुन्या घंटेचा, मागच्या पिढीत कोणी कोणाची जमीन लाटली याचा. मी दमलो की ते कव्हर उघडून आत पाहत, "वेळ झाली," म्हणत आणि उठत. मासळीवालीची फेरी बुधवारचीच. ती पाटी टेकून ओट्यावर बसे. एकदा म्हणाली, "सर, एक रोज इचारतो, दुसरा रोज चिडतो, आनि मंग दोघं चा पिता. मला पानी द्या जरा, मी तुमच्यात येडी व्हईन." या साऱ्या प्रकरणातला तिचाच जबाब मला त्यातल्या त्यात विश्वासार्ह वाटतो.

एका बुधवारी त्यांना न्यायला पुतण्या गाडी घेऊन आला आणि त्याने तो दारातला संवाद ऐकला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, अंकलना डॉक्टरला दाखवायला पाहिजे ना?"

"आधी तू दाखवून घे," मी म्हणालो.

भाषणातली सगळी हकीकत त्या एका दुपारवर उभी आहे. पुढे वाडीतल्या घरात, सकाळच्या झोपेतच ते गेले. आता बुधवारी चारच्या सुमारास मी दाराची कडी काढून ठेवतो. त्या वेळी समुद्राकडून वारा येतो.

आता पुराव्याकडे येतो. जे सांगणार आहे ते कोणाला कळू देऊ नका, असे माझ्या पत्नीने आम्हा दोघांना बजावले होते. तिचा शब्द मोडावा की नाही, याचा मी हे भाषण ऐकल्यापासून विचार करीत आहे. पण त्यांच्यावर कोणी हसलेले तिला खपले नसते, आणि मी तिचाच नवरा आहे.

तिचे जाणे अचानक झाले नाही. त्याच्या बरेच आधीपासून ती विसरू लागली होती. हे पहिल्यांदा लक्षात आले ते सेल बदलतानाच. त्यांनी "बाई, सेल" म्हणून हात पुढे केला आणि तिने चिमटीतल्या वस्तूकडे पाहून विचारले, "हे कशाचं आहे?" त्यांनी तिच्या हातातून सेल अलगद काढून घेतले, बसवले, आणि काही घडलेच नाही असे चहा मागितला. पुढे गोळी घेतली की नाही, गॅस बंद केला की नाही, जेवण झाले की नाही, यातले काहीच तिला सांगता येईना. आणि तिची एकच भीती होती: गावाला अक्षरे शिकवलेल्या बाईला स्वतःचे काही आठवत नाही, हे गावाला कळेल.

मग एका बुधवारी त्यांनी यंत्र कव्हरातून काढून टेबलावर ठेवले आणि तिच्यासाठी गजर लावायला बसले. गोळी. गॅस बघा. जेवण झालं. सर बाहेर गेलेत, येतील. एकेक ओळ तिला वाचून दाखवली.

"आणि तुमचं काय?" मी विचारले.

"माझ्या डोक्यात भरपूर जागा आहे. आजवर वापरलीच नाही."

कव्हर मात्र त्यांनी खिशात परत ठेवले. "खिसा सपाट दिसला तर गाव विचारील डबी कुठे गेली. आणि गाव शोधून काढतं, बाई." तेव्हापासून यंत्र आमच्या घरात वाजत होते आणि चर्चमध्ये गप्प होते. फादरांच्या प्रवचनांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तेव्हापासून हा माणूस गावात चारचौघांत कव्हर छातीशी धरून चामड्यावर काडी आपटत असे, आणि वाडीचे पाणी, आळीतल्या माणसांचे वाढदिवस, पतसंस्थेची सभा, यांतले एकही काम त्याचे चुकले नाही. ज्या काळात पुतण्याच्या मते ते पूर्ण डबीवर चालत होते, त्या काळात ते निव्वळ स्वतःच्या डोक्यावर चालत होते.

पुतण्या हुशार आहे. तो म्हणेल, ठीक आहे, बाईंच्या आजारात डबी तुमच्याकडे होती. त्या गेल्यावर अंकलनी ती परत नेली असेल, जुने गजर पुन्हा वाजू लागले असतील, ते तुमच्या दारी आले असतील, आणि नंतर ती कुठे तरी पडली असेल. त्याने ती वाडीत शोधली, विहिरीत गळ टाकून पाहिली, हे मला ठाऊक आहे. त्याला ती सापडणार नाही.

दफनाच्या सकाळी, पेटीचे झाकण लावण्याआधी, फक्त आम्ही दोघेच आत असताना, माझ्या पत्नीच्या हातात गुंडाळलेल्या रोझरीखाली ते यंत्र मी स्वतः ठेवले; ते शेजारी उभे होते, त्यांनी हात पुढे करून तिचा तळवा त्यावर नीट मिटला, आणि म्हणाले, "राहू द्या, सर. सेल नवेच आहेत."